मागचा उजवा पाय

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. प्रसंग आला नाही, असे म्हणता आले असते. पण तेही खरे नाही. प्रसंग तीनदा आला. दोन वेळा मी गप्प राहिलो आणि एकदा बोललो. जे बोललो, ते गप्प राहण्यापेक्षा वाईट होते.

गोष्ट एका सशाच्या पायाची आहे. तुम्हाला हसू येईल — येऊ द्या. त्या पायापायी आमच्या गावातल्या एका भल्या माणसाचे नाव गेले, आणि ते माझ्यामुळे गेले, हे तुम्हाला शेवटी कळेलच. मी आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मध्येच माझी बाजू घेण्याचा मोह तुम्हाला होणार नाही.

एकतीस वर्षे मी गावच्या हायस्कुलात कवायत शिकवली. पदाचे नाव शारीरिक शिक्षक. लोकांच्या तोंडी पीटीचे सर. आमचे गाव दिघीच्या अलीकडे, खाडीला लागून. इथले आज चाळिशी-पन्नाशीत असलेले बहुतेक सगळे माझ्या शिट्टीवर उभे राहिलेले आहेत. बाजारात मी दिसलो की अजूनही काहींची पाठ आपोआप ताठ होते. मला ते आवडत असे. का नाकारू?

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. कवायतीचा शिक्षक मुलांकडे तोंड करून उभा असतो. ‘उजवा हात वर’ असा हुकूम देताना तो स्वतःचा डावा हात वर करतो. समोरची मुले आरशात पाहावे तशी त्याच्याकडे पाहतात. त्याने उजवा उचलला तर निम्मा वर्ग डावा उचलतो. पहिल्या वर्षी हे मला लक्षपूर्वक करावे लागले. पाचव्या वर्षी हात आपणहून उठू लागला. पुढे पुढे माझ्या डाव्या अंगाला जे काही दिसेल, त्याला माझे तोंड ‘उजवे’ म्हणू लागले. साध्या बोलण्यात नव्हे. कुलूप उघडताना, कोणाला वाट सांगताना नव्हे. फक्त हुकमाचा आवाज लागला की. त्या एका आवाजात माझ्या डाव्या-उजव्याची अदलाबदल झालेली होती. मला हे माहीत होते का? होते. दुसऱ्या कोणाला नव्हते.

पत्नी गेल्यानंतर घरात आम्ही दोघेच उरलो — मी आणि माझी धाकटी बहीण मालू. तिने लग्न केले नाही. मुंबईत एका कचेरीत तीस वर्षे कारकुनी करून ती गावी परतली. ससा तिचा. शेजारच्या खोल्यांत उतरलेल्या पर्यटकांनी ‘चार दिवस ठेवा, परत येतो’ म्हणून तो तिच्या हाती दिला आणि ते परत आलेच नाहीत. पांढरा, जाडजूड, कान सदैव उभे. मालूने त्याचे नाव ‘साहेब’ ठेवले. कचेरीतला तिचा वरिष्ठ असाच होता म्हणे: दिवसभर एका जागी बसून काहीतरी चघळत राहायचा आणि कोणी जवळ गेले की नाक हलवायचा.

त्यामुळे आमच्या घरात अशी वाक्ये ऐकू येत: “साहेबांनी आज पेपर खाल्ला, अग्रलेखापासून सुरुवात केली.” “दादा, साहेबांच्या अंगावर पाय देशील.” मी हसत नसे. ज्याचा काही उपयोग नाही असा प्राणी घरात ठेवावा कशाला, हे माझे मत मी पहिल्याच दिवशी सांगून मोकळा झालो होतो. मात्र मी त्याच्याकडे पाहत असे. तासन्‌तास. हा प्राणी आवाज का करत नाही? भूक लागली तरी नाही, भ्याला तरी नाही. मग त्याच्या आत काय चालले आहे, हे ओळखायचे कशावरून?

आठ वर्षांपूर्वीचा हिवाळा. मालूच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू नुकताच काढला होता. डोळ्यावर झापड, त्यावर काळा चष्मा. वाकायचे नाही, जड उचलायचे नाही. दुसऱ्या डोळ्यातही मोतीबिंदू होताच. त्याने तिला ससा म्हणजे केवळ एक पांढरा डाग दिसत असे. बुधवारी सकाळी जास्वंदीची पाने घेऊन ती ओसरीवर गेली आणि तिथूनच म्हणाली,

“दादा, साहेब रजेवर आहेत बहुतेक. जागचे हलत नाहीत. जरा बघतोस? मला वाकता येत नाही.”

मी पाहिले. तो बसलेला होता, नेहमीसारखाच. पाने समोर धरली, खाल्ली नाहीत. पाठीला बोट लावले तेव्हा पुढे सरकला — आणि सरकताना मागचा एक पाय त्याने जमिनीला लावला न लावला. कोणता? पाहीपर्यंत तो पुन्हा बसला होता आणि दोन्ही पाय पोटाखाली गेले होते. मोडला होता? मुरगळला होता? की अवघडला होता नुसता? रात्रीतून काय घडले, कशात पाय अडकला, हे मला आजही माहीत नाही.

तालुक्याच्या डॉक्टरांना फोन केला. ते लाळ-खुरकुताच्या लसीकरणासाठी डोंगराकडच्या वाड्यांवर फिरत होते. शुक्रवारआधी येणे शक्य नव्हते. म्हणाले, “आमच्या ड्रेसरला दुपारी पाठवतो. पायाला आधार देऊन बांधेल. शुक्रवारी मी पाहतो, लागलं तर एक्स-रे काढू. तोवर तो पाय हलता कामा नये. आणि पाय कोणता, ते मात्र नीट पाहून ठेवा. ससे दुखणं फार लपवतात.”

नीट पाहून ठेवा! हे मला सांगायचे? लांब उडीच्या हौदातल्या ठशांवरून कोणत्या मुलाने कोणता पाय आधी टेकवला, हे सांगणारा माणूस मी. बादलीभर पुळण आणली — किनाऱ्यावरची बारीक, ओलसर वाळू — आणि ओसरीवर तिचा एक लांब पट्टा पसरला. एका टोकाला माझी खुर्ची, दुसऱ्या टोकाला पायरीपाशी सशाचे खोके. त्याला माझ्या पायाशी सोडले. तो खोक्याकडे जाणार, हे ठरलेलेच होते. तो गेला. अर्ध्यात बसला. मी काठी आपटली. तो पुन्हा गेला.

एकदा पुरेसे होते. मी त्याला तीनदा चालवले.

का, ते मला तेव्हा विचारले असते तर ‘खात्रीसाठी’ असे सांगितले असते. खरे सांगायचे तर मला ते पाहायचे होते. सशाच्या मागच्या पायांचे लांबट ठसे पुढच्या पायांच्या ठशांच्याही पुढे पडतात, हे मी प्रथमच पाहत होतो. तीन ठसे खोल. चौथा — मागचा एक — जेमतेम, बोटाने वाळू शिवावी तसा. वेदना अशी जमिनीवर लिहिलेली मी कधी पाहिली नव्हती. खुर्चीत बसून ती वाचत राहिलो. फिका ठसा माझ्या डाव्या हाताला होता. ससा माझ्याकडे पाठ करून गेला होता. तुम्ही आत्ताच उत्तर काढले असेल. ते कोणीही काढू शकला असता.

दुपारी तीनच्या सुमारास मोटरसायकल वाजली. नामदेव आला.

नामदेव सरकारी पशुदवाखान्यातला ड्रेसर, वयाने पन्नाशीचा. गुरांना बांधणे, जखमा धुणे, मलमपट्टी करणे हे त्याचे काम. पण पंचक्रोशीत गाय अडली तर लोक डॉक्टरांच्या आधी त्यालाच बोलावत. त्याच्या हाताला गुण आहे, असे म्हणत. अडल्या गाईपाशी रात्रभर बसून सकाळी चहासुद्धा न घेता कामावर जाणारा माणूस. माझाच विद्यार्थी.

आणि विद्यार्थी म्हणून त्याची एक खूण गावाच्या लक्षात होती. ज्यांचे डावे-उजवे चुके, त्यांच्या उजव्या पायाला मी माडाची पात बांधत असे. मग हुकूम ‘दहिने मूड’ असला की ‘पातीकडे मूड’ असे ओरडून सांगायचे. बहुतेकांची पात आठवड्यात सुटे. नामदेवच्या पायाला ती एक अख्खे सहामाही सत्र होती. मुले त्याला तेव्हा ‘बायेमूड’ म्हणत. पुढे विसरली.

ओसरीच्या कडेने, वाळूवर पाय न देता तो आत आला. मालूला म्हणाला, “ताई, काळ्या चष्म्यात अगदी हिरॉइन दिसताय.” मालू म्हणाली, “मेल्या, साहेबांचं बघ आधी.” त्याने ससा मांडीवर घेतला, डोळ्यांवर तळहात ठेवून त्याला शांत केले आणि दोन्ही पाय मुळापासून बोटांपर्यंत चाचपले. बराच वेळ. मग म्हणाला,

“सर, मला डावा वाटतंय. गरम हाय थोडा.”

मला राग आला. आता वाटते, राग ‘डावा’ म्हटल्याचा नव्हता. माझ्या पुराव्याच्या आधी त्याने स्वतःचा हात विचारात घेतला, त्याचा होता. मी उभा राहिलो. वाळूकडे बोट केले. आणि मला तो आवाज लागला.

“मी सकाळपासून पाहतो आहे. ठसे समोर आहेत. मागचा उजवा. बांध.”

“सर, पण —”

“उजवा, नामदेव.”

“बरं, सर.”

त्याने सुपारीच्या विरीची — झावळीच्या बुडाशी असते त्या चिवट सालपटाची — पट्टी कापली, कापूस भरला आणि उजवा पाय बांधला. काम सुरेख केले. ससा एकदाही झटकला नाही. जाताना नामदेव पायरीपाशी चपला घालायला थांबला आणि तिथूनच, खोक्याच्या बाजूने, वाळूकडे पाहत राहिला. मान किंचित तिरकी.

“काय पाहतोस?” मी विचारले.

“काय न्हाय, सर. ठसे बेस उठलेत.”

आणि गेला.

त्याने काय पाहिले, हे कुतूहल मला बसू देईना. म्हणून मी उठलो आणि तो उभा होता त्याच जागी जाऊन उभा राहिलो. आता ठसे माझ्याकडे येत होते. कवायतीत मुलगा समोरून येतो, तसे. फिका ठसा माझ्या उजव्या हाताला होता, आणि समोरून येणाऱ्याची माझ्या उजव्या हाताची बाजू म्हणजे त्याची डावी. एकतीस वर्षांत यात कधी चूक झाली नव्हती. मग खुर्चीतून तोच पाय उजवा कसा? एकाच पायाची दोन नावे कशी असतील?

खुर्चीपाशी परत गेलो. सशाने पाठ केली होती तशीच पाठ करून ठशांच्या ओळीत उभा राहिलो आणि ज्या हाताने मी जेवतो तो हात वर केला. फिका ठसा दुसऱ्या बाजूला होता.

पाय डावा होता.

चार वाजले होते. नामदेवची मोटरसायकल अजून चढावावर असेल. फोन माझ्या खिशात होता. कात्री स्वयंपाकघरात खिळ्याला लटकत होती. मालू झोपली होती. एक कापड कापायचे, दुसऱ्या पायाला बांधायचे, किंवा निदान धड पाय मोकळा करायचा. पाच मिनिटांचे काम. मी काय केले?

मी झाडू आणला आणि वाळू झाडून टाकली.

यापुढचा दीड दिवस कसा सांगावा? — मी काहीच केले नाही, एवढेच सांगण्यासारखे आहे. धड पाय ताठ बांधलेला. मोडक्या पायावर भार. उठू पाही, कलंडे. गुरुवारी दुपारपर्यंत उठू पाहत होता. मग उठायचे थांबला. मी खुर्चीतून पाहत होतो. मालूने विचारले, “दादा, साहेबांना आता आराम आहे ना?” मी म्हणालो, “आहे.” तिने चाचपडत त्याच्या बँडेजवर हात फिरवला आणि म्हणाली, “छान घट्ट बांधलंय हो नामदेवने.” तिला दिसत नव्हते. तिचे डोळे म्हणून मीच होतो त्या आठवड्यात.

कशाची भीती वाटत होती मला? हा प्रश्न मी नंतर पुष्कळदा उलटसुलट करून पाहिला. नोकरी जाणार नव्हती. कोणी मारणार नव्हते. ‘चुकलो, पाय डावा आहे’ — चार शब्द. पण ते कोणापुढे उच्चारायचे? ज्याच्या पायाला मी सहा महिने पात बांधली, त्याच्यापुढे. याहून मोठे काही त्यात नव्हते. मी शोधले, सापडले नाही.

शुक्रवारी सकाळी डॉक्टर आले. मागे पेटी घेऊन नामदेव. डॉक्टरांनी ससा उलटा केला आणि त्यांचा चेहरा बदलला. डाव्या पायाचे हाड सरकून आतून कातडीला टोचत होते.

“हे कोणी बांधलं?”

“मी, साहेब,” नामदेव म्हणाला.

आतून मालू घाबरून ओरडली, “साहेबांना काय झालं?”

“ताई, साहेब बरे आहेत, सशाचं बघताहेत,” असे काहीतरी नामदेव म्हणाला. एरवी यावर सगळे हसलो असतो.

“मोडलाय कुठला आणि बांधलास कुठला!” डॉक्टरांचा आवाज चढला. “परवाच हा नीट बांधला असता तर पाय वाचला असता. आता काढावा लागेल. इतकी वर्षं काम करतोस, नामदेव, तुला डावं-उजवं कळत नाही?”

नामदेवने आधी जमिनीकडे पाहिले. ओसरी लख्ख झाडलेली होती. मग त्याने माझ्याकडे पाहिले. रागाने नाही. मला वाटते, तोही कुतूहलानेच पाहत होता: आता सर काय म्हणतात?

मालू दाराशी येऊन उभी होती. सगळे माझ्याकडे पाहत होते, कारण घराचा मालक मी, आणि बोलायची पाळी माझी होती.

मी म्हणालो, “शाळेतही ह्याचं असंच होतं.”

डॉक्टर हसले. हसून त्यांचा राग निवला. नामदेव पेटी आवरू लागला.

हेच ते वाक्य. तेवढ्यासाठी हे सगळे लिहायला बसलो. चुकीचा पाय सांगितला, ती सवय होती. सवयीला मी दोष देऊ शकलो असतो. वाळू झाडली, गप्प बसलो, तो भित्रेपणा होता. पण हे वाक्य? ते कोणी मागितले नव्हते. नुसता गप्प राहिलो असतो तरी मी वाचलो असतो.

त्याच दिवशी सशाला आंब्याच्या पेटीत ठेवून आम्ही दिघीहून फेरीबोटीने आगरदांड्याला उतरलो आणि पुढे मुरूडच्या बाजूला एका खासगी दवाखान्यात नेले. मालूने पेटी मांडीवरून खाली ठेवली नाही. जड उचलायचे नाही, हे तिला मी सांगितले, ती ऐकेना. पाय काढला. ससा जगला. तीन पायांवर तो आणखी चार वर्षे हिंडला, जास्वंदीची पाने आणि पेपर खाल्ला, आणि आपल्या मरणाने गेला. त्याच्याविषयी सांगण्यासारखे आणखी काही नाही.

नामदेवचे मात्र तिथून सुरू झाले.

मालूने चार घरी सांगितले, डॉक्टरांनी कुठे हसत हसत सांगितले असेल, आणि माझे वाक्य तर शिक्क्यासारखे होते. ‘सरच म्हणाले, शाळेतही असंच होतं.’ जुने नाव वर आले. चहाच्या टपरीवर, धक्क्यावर, जत्रेत — “ए बायेमूड, हा बैल कंच्या तोंडानं खातो?” “बायेमूड, बायको डावीकडची का उजवीकडची?” तो हसत असे. उलट म्हणत असे, “उजवीकडची तुझी, ती न्हाय पसंत पडली.” लोकांना वाटे, त्याला लागत नाही. पुढे पुढे तो येणार म्हटले की लोक जनावराच्या दुखऱ्या पायाला आधीच सुतळी बांधून ठेवू लागले. थट्टा म्हणून. मग थट्टा म्हणून नव्हे. मग त्याला बोलावणेच कमी झाले. एका गाईच्या वेळी, वासरू आडवे असताना, म्हसळ्याहून दुसरा माणूस आणला. नामदेव तीन घरे सोडून बसलेला होता. वर्षभरात त्याने स्वतःहून बदली मागून घेतली, पालीकडे. आठवड्यातून एकदा घरी येई.

पहिल्या संक्रांतीला तो तिळगूळ घेऊन आला. मालू आतून म्हणाली, “ठेव तिथे.” बाहेर आली नाही. मी ओसरीवर होतो. वाटी माझ्यापाशी ठेवून त्याने हळूच विचारले, “सर, साहेब कसे हायत?” मी म्हणालो, “ठीक आहेत.” मालू आठ पावलांवर होती. तिला हाक मारायची होती फक्त.

तेव्हाही नाही.

त्याने का सांगितले नाही, हे मला उलगडत नाही. ठसे त्याने पाहिले होते. झाडलेली ओसरीही पाहिली होती. डॉक्टरांना, मालूला, टपरीवरच्या त्या टोळक्याला एका वाक्यात गप्प करता आले असते: ‘मी डावा म्हटला होता, सरांनी उजवा बांधायला लावला.’ कोणी विश्वास ठेवला नसता, म्हणून? की मी ते सांगावे, याची वाट पाहत होता? की माझ्याविषयी त्याला कीव आली? तिसरी शक्यता मला सर्वांत कमी सोसवते. म्हणून तीच खरी असावी, असे वाटते. पण हा अंदाज झाला. विचारण्याचे धैर्य मला झालेले नाही.

गेल्या वर्षी तो निवृत्त झाला. गावकऱ्यांनी शाळेच्या सभागृहात त्याचा सत्कार ठेवला. अध्यक्ष कोण? त्याचे गुरू म्हणून मी. मालू आली नाही. सरपंच बोलायला उठले. तेही माझेच विद्यार्थी. त्यांनी नामदेवच्या सेवेचे गुण गायले आणि मग म्हणाले, “आपल्या सरांनी नामदेवभाऊंना डावं-उजवं शिकवायला जिवाचं रान केलं. पण भाऊंनी सरकारची इतकी वर्षं नोकरी केली आणि शेवटपर्यंत सरांना काही दाद दिली न्हाय!”

सभागृह फुटले. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. नामदेवच्या मुली पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांतली थोरली हसली नाही. नामदेव हसला, गळ्यातला हार सावरत.

मीही हसलो.

अडखळून नव्हे. चारचौघांत शोभेल असे, दात दाखवून. मग ध्वनिक्षेपक माझ्या हाती आला. समोर सगळे गाव होते. शेजारच्या खुर्चीवर नामदेव. मी पंधरा मिनिटे शिस्त या विषयावर बोललो. टाळ्या पडल्या. नामदेवने उठून माझ्या पायांना हात लावला आणि म्हणाला, “सर, तब्येतीला जपा.”

घरी आलो. मालूने विचारले, “काय बोललास?” मी म्हणालो, “नेहमीचेच.”

त्यानंतर मी एक गोष्ट आठवण्याचा प्रयत्न करू लागलो आणि ती आठवत नाही. नामदेव उंच होता, म्हणून शेवटच्या रांगेत उभा राहायचा. ‘पीछे मूड’चा हुकूम दिला की सगळा वर्ग पाठमोरा व्हायचा. मग मी रांगांमधून चालत शेवटच्या रांगेच्या पाठीशी जाऊन उभा राहत असे. त्या पाठमोऱ्या मुलांमध्ये माझ्या सर्वांत जवळ नामदेवच. त्याच्या पाठीकडे पाहत, हुकमाच्या आवाजात, मी त्याची चूक धरत होतो. तो मुलगा कोणत्या बाजूला वळला होता? आणि मी कोणत्या बाजूला चूक म्हणत होतो? माझ्या डोळ्यांसमोर त्याची पाठ येते, पायाची पात येते, पण तो वळलेला दिसत नाही.

हे छापून येईल. मालू वाचेल, तिचे डोळे आता चांगले आहेत. नामदेवच्या घरीही पेपर येतो.

नामदेवने त्या दिवशी पाय बरोबर ओळखला होता. तो डावा होता. मी त्याला उजवा बांधायला लावला. तासाभरात मला कळले आणि मी ठसे झाडून टाकले. शाळेतही त्याचे असेच होते, असे मी चार माणसांत म्हणालो. तेही खरे होते की नव्हते, याची मी कधी खात्री करून घेतलेली नव्हती.